आरोग्य संशोधन पारखून कसं वाचावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोधनिबंध वाचायला शिकणाऱ्या नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट आणि निवासी डॉक्टरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अडचणीचे. क्रमानेच वाचायला हवं असं नाही. एका उत्तराला दुसऱ्याची गरज लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मी संशोधक नाही, रुग्णसेवा करते. पेपर तपासून वाचणं हे तज्ज्ञांचं काम नाही का?

तज्ज्ञांचं आहेच, पण तुमचंही आहे. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे जादा, अनियमित ठोके पडतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. ते ठोके दाबणारी औषधंही होती. ठोके दाबले की मृत्यू टळतील, असा साधा हिशेब करून ती अनेक रुग्णांना दिली गेली, आणि देणारे नामांकित तज्ज्ञच होते. मग कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांची प्लासिबोशी (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तुलना झाली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या सविस्तर आकड्यांनुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जास्त मरत होती.

‘ठोके कमी झाले ते कळलं, पण माणसं जास्त जगली का?’ हा प्रश्न विचारायला संशोधक असावं लागत नाही. गोळी हातात ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो विचारता यावा, एवढ्यासाठी हे शिकायचं.

२. चिकित्सक वाचन म्हणजे पेपरमधल्या चुका शोधणं ना?

बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. ‘सँपल लहान, एकाच केंद्रातला अभ्यास, ब्लाइंडिंग (कोणाला कोणता उपचार मिळतोय हे लपवणं) नाही’ अशी यादी कोणत्याही पेपरची करता येते. निर्दोष अभ्यास अजून कोणी केलेला नाही. नुसती यादी करत राहिलं की थोड्या दिवसांत ‘कशावरच विश्वास ठेवता येत नाही’ असं वाटू लागतं, आणि मग माणूस पुन्हा सवयीने किंवा वरिष्ठांच्या शब्दावर चालतो.

दोष सापडला की लगेच पुढचा प्रश्न विचारा: हा दोष निकालाला कोणत्या बाजूला ढकलतो, आणि किती? समजा, दुष्परिणामांना कंटाळून औषधाच्या गटातले बरेच जण निघून गेले आणि फक्त राहिलेल्यांचाच हिशेब मांडला. हा दोष औषधाच्या बाजूने ढकलतो, म्हणून दिसणारा फायदा फुगलेला असू शकतो. आता समजा, वेदना मोजण्याची पद्धत ढोबळ होती, पण दोन्ही गटांत सारखीच ढोबळ होती. असा दोष बहुधा फरक पुसट करतो. तरीही फरक ठळक दिसला असेल, तर या दोषामुळे त्या निकालावरचा माझा विश्वास कमी होत नाही.

सगळी चिकित्सा शेवटी तीन गोष्टींवर येते: निकाल विश्वासार्ह आहे का, परिणाम किती मोठा आहे, आणि माझ्या रुग्णाला तो लागू होतो का. त्याच क्रमाने जा. पहिल्यावरच अभ्यास कोसळला, तर पुढचे आकडे वाचण्यात वेळ घालवू नका.

३. ड्युटीनंतर वेळच उरत नाही. पेपर कुठून वाचायला घेऊ?

निष्कर्षापासून घेऊ नका. निष्कर्ष आधी वाचला की बाकीचा पेपर आपण त्याच्या बाजूने वाचतो.

आधी स्वतःचा प्रश्न कागदावर लिहा: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम. याला पिको म्हणतात. मग थेट ‘मेथड्स’ उघडा आणि पेपरचे रुग्ण, उपचार, तुलना आणि परिणाम तुमच्या प्रश्नाशी जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर तिथेच थांबायला हरकत नाही. जुळत असतील तर रुग्ण कुठे कुठे गळाले हे दाखवणारी आकृती पाहा, मग दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते का हे सांगणारा पहिला तक्ता, मग मुख्य निकाल. चर्चेचा भाग सर्वात शेवटी.

एक काम मात्र टाळू नका. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांनी ट्रायलची आधी नोंदणी झालेली असणं बंधनकारक केलं आहे. नोंदणी क्रमांक बहुधा ॲबस्ट्रॅक्टच्या खाली असतो. ती नोंद उघडा आणि तिथे लिहिलेला मुख्य परिणाम आणि पेपरमधला मुख्य परिणाम एकच आहे का ते ताडून पाहा. बदललेला असेल आणि कारण दिलेलं नसेल, तर सावध व्हा. हवा तो निकाल पुढे आणून नको तो मागे सारलेला असू शकतो.

४. मला स्टॅटिस्टिक्स अजिबात येत नाही. मग कसं जमणार?

भागाकार आणि वजाबाकी येत असेल तर निम्मं काम झालं. हेलसिंकी हार्ट स्टडी या १९८७ च्या अभ्यासाचं उदाहरण घेऊ. जेमफिब्रोझिल या औषधाने हृदयविकाराच्या गंभीर घटना ३४ टक्क्यांनी घटल्या, असा निकाल होता. आता मूळ आकडे पाहा. पाच वर्षांत प्लासिबो गटात दर हजारी ४१.४ घटना घडल्या, औषधाच्या गटात २७.३. वजाबाकी केली की हजारात सुमारे १४, म्हणजे १.४ टक्के. शंभराला १.४ ने भागलं की ७१ येतात. पाच वर्षं ७१ जणांना औषध दिलं तर एकाची घटना टळते. एकूण मृत्यूंमध्ये तर दोन्ही गटांत फरक नव्हताच.

३४ टक्के आणि १.४ टक्के हे दोन्ही आकडे खरे आहेत. पण औषधाच्या पत्रकावर पहिला छापला जातो, आणि रुग्णाशी बोलताना दुसरा लागतो. कोणतीही टक्केवारी दिसली की ‘कशाच्या किती टक्के?’ असं विचारून मूळ संख्यांपर्यंत जा. पुढच्या दोन उत्तरांत सांगितलेला कॉन्फिडन्स इंटरव्हल समजला की रोजच्या वाचनापुरतं स्टॅटिस्टिक्स तुमच्या हातात आलं.

५. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे औषध काम करतं हे सिद्ध झालं ना?

नाही. औषधाचा काहीच परिणाम नाही असं धरून चाललं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी-व्हॅल्यू सांगते. परिणाम मोठा की नगण्य, अभ्यास नीट केला की ढिसाळ, यातलं काहीही ती सांगत नाही. हजारो रुग्ण घेतले की रक्तदाबातला एका मिलिमीटरचा फरकही ‘सिग्निफिकंट’ ठरू शकतो.

त्यापेक्षा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल पाहा. खरा परिणाम साधारण कोणत्या दोन टोकांच्या दरम्यान असू शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो. दोन्ही टोकं स्वतंत्रपणे पाहा. फायदा कमी असलेल्या टोकाशीही तुम्ही हाच उपचार दिला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर निकाल भक्कम. टोकागणिक तुमचा निर्णय बदलत असेल, तर पी-व्हॅल्यू कितीही लहान असो, उत्तर अजून मिळालेलं नाही.

६. ‘दोन्ही गटांत फरक आढळला नाही’ असं लिहिलंय. मग दोन्ही उपचार सारखेच समजायचे?

लहान अभ्यासात फरक न आढळणं ही अगदी साधी गोष्ट आहे. तो अभ्यास फरक पकडण्याइतका मोठा होता का, हे पुन्हा इंटरव्हलच सांगतो (प्रश्न ५). इंटरव्हलमध्ये मोठा फायदा आणि मोठा तोटा दोन्ही सामावत असतील, तर त्या अभ्यासाने काहीच ठरवलेलं नाही.

उपचार सारखे आहेत, किंवा नवा जुन्यापेक्षा फारसा कमी नाही, हे दाखवायचं असेल तर अभ्यास त्यासाठीच आखावा लागतो. अशा नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायलमध्ये ‘किती कमी असला तरी चालेल’ ही मर्यादा आधीच जाहीर केलेली असते. ती मर्यादा तुमच्या रुग्णाला मान्य होईल का, हे तुम्ही ठरवा. तीन टक्के जास्त मृत्यू ‘चालतील’ असं एखाद्या पेपरने धरलेलं असेल, तर ते वाचल्याशिवाय निष्कर्ष मान्य करू नका.

दुष्परिणामांच्या बाबतीत एक साधा नियम फार उपयोगी पडतो. ‘३०० रुग्णांत गंभीर दुष्परिणाम एकही नाही’ असं वाचलं की ३ ला ३०० ने भागा. उत्तर १ टक्का. म्हणजे खरं प्रमाण शंभरात एक असलं, तरीही असा शून्य दिसू शकतो.

७. रँडमायझेशनला एवढं महत्त्व का? हजारो लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास जास्त भरवशाचा नाही का?

मोठा आकडा योगायोगाची शंका कमी करतो. पण तुलनेचे दोन गट मुळातच वेगळे असतील, तर ती चूक आकडा वाढवून जात नाही.

रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयरोग कमी होतो, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत (उपचार आपण न ठरवता, लोक जे करतात त्याच्या नोंदी पाहणाऱ्या अभ्यासांत) दिसत होतं. पण हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया सरासरीने अधिक सुस्थितीतल्या, तब्येतीची अधिक काळजी घेणाऱ्या होत्या. २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरच्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ट्रायलचा निकाल आला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये कोरोनरी हृदयरोग कमी होण्याऐवजी थोडा वाढलेलाच होता. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठीवर सोडलं, म्हणजेच रँडमायझेशन केलं, की माहीत असलेले आणि नसलेले असे सगळेच फरक दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. दुसऱ्या कोणत्याही पद्धतीला हे साधत नाही.

मात्र ‘रँडमाइज्ड’ हा शब्द दिसला की निर्धास्त होऊ नका. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे त्याला अभ्यासात घेणाऱ्याला आधी कळत होतं का? कळत असेल तर तो नकळत जास्त आजारी रुग्णाला दुसऱ्या गटाकडे वळवू शकतो. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ च्या प्रसिद्ध ट्रायलमध्ये यासाठी बंद लिफाफे वापरले होते. ‘एक दिवसाआड’ किंवा ‘केस नंबर सम-विषम पाहून’ गट पाडले असतील, तर त्याला रँडमायझेशन म्हणू नका.

रँडमायझेशन नेहमीच शक्य नसतं, हेही खरं. धूम्रपानाने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे आपल्याला निरीक्षणात्मक अभ्यासांतूनच कळलं. प्रचंड मोठा परिणाम, डोसनुसार चढत जाणारा धोका आणि वेगवेगळ्या ठिकाणी तोच निकाल, एवढं असेल तर असा पुरावाही भक्कम असतो.

८. आमच्या फिजिओथेरपीत ब्लाइंडिंग शक्यच नसतं. मग आमचे सगळे पेपर कमकुवत ठरतात का?

नाही. प्रश्न २ मधली कसोटी लावा. मोजलेली गोष्ट मृत्यू असेल, तर कोणता उपचार चालू आहे हे माहीत असल्याने मोजमाप सहसा बदलत नाही. रुग्णाने स्वतः सांगितलेली वेदना असेल, तर ‘मला नवा उपचार मिळाला’ या भावनेने आकडा नक्कीच हलू शकतो. शिवाय व्यायाम करणाऱ्याला ब्लाइंड करता आलं नाही, तरी गुडघ्याची हालचाल मोजणाऱ्या व्यक्तीला गट न सांगता ठेवता येतं. जे शक्य होतं तेही केलं नसेल, तर तो दोष अभ्यासकांचा आहे. शक्यच नव्हतं त्याबद्दल गुण कापण्यापेक्षा निकाल किती हलला असेल याचा अंदाज घ्या.

९. कोणती चेकलिस्ट वापरू?

शिकताना कॅस्पच्या चेकलिस्ट सोप्या पडतात. त्या अभ्यासाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या आहेत आणि मोफत मिळतात. कन्सॉर्ट, स्ट्रोब, प्रिझ्मा ही नावंही कानावर येतील, पण ती पेपरमध्ये काय काय लिहावं हे सांगणारी आहेत. कन्सॉर्टचे सगळे मुद्दे भरलेला पेपर वाईट अभ्यासाचाही असू शकतो, फक्त त्याचा वाईटपणा स्पष्ट दिसतो. गुणांची बेरीज करून ‘१० पैकी ८’ असं मात्र लिहू नका. एकच मोठा दोष उरलेल्या नऊ मुद्द्यांवर पाणी फिरवू शकतो.

१०. मेटा-ॲनालिसिस सर्वात वरच्या पायरीवर असतं. ते तरी डोळे मिटून मानावं का?

त्याच्या पोटात, म्हणजे त्यात एकत्र केलेल्या अभ्यासांत, काय आहे ते पाहिल्याशिवाय नाही. हार्ट अटॅकमध्ये शिरेतून मॅग्नेशियम दिलं की मृत्यू बरेच घटतात, असं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लहान ट्रायल्स एकत्र केल्यावर दिसत होतं. १९९५ मध्ये ५८,०५० रुग्णांच्या आयसिस-४ ट्रायलमध्ये तो फायदा दिसला नाही. एकत्र केलेले अभ्यास लहान असले, आणि त्यातले नकारात्मक निकाल छापलेच गेले नसले, की बेरीजही फसवी येते.

छापलं न जाण्याचं प्रमाण किती असू शकतं, याचं एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. नैराश्यावरच्या औषधांच्या ७४ ट्रायल्स अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या होत्या. नियामकाच्या मते त्यातल्या ३८ सकारात्मक होत्या, आणि त्यांपैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ सकारात्मक वाटाव्यात अशा मांडून छापल्या, आणि फक्त ३ जशा होत्या तशा छापल्या. हे विश्लेषण २००८ साली प्रसिद्ध झालं. फक्त जर्नल्स वाचणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक ट्रायल यशस्वी दिसत होती.

म्हणून अप्रकाशित अभ्यास शोधले होते का, प्रत्येक अभ्यासाचा दर्जा तपासला का, आणि एकमेकांशी न जुळणारे निकाल जबरदस्तीने एकत्र केले का, हे तीन मुद्दे आधी पाहा.

११. पेपरमध्ये म्हटलंय की औषध फक्त ६५ वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये चाललं. हे मानायचं का?

बहुतेक वेळा नाही. आयसिस-२ या १९८८ च्या ट्रायलमध्ये हार्ट अटॅकनंतर ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. लेखकांनी रुग्णांची विभागणी मुद्दाम जन्मराशीनुसारही करून दाखवली, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांमध्ये ॲस्पिरिन किंचित अपायकारक दिसलं! पुरेसे तुकडे केले की कुठल्यातरी तुकड्यात असं काहीतरी दिसणारच.

पण काही उपगट खरे असतात. कोविडवरच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. हा उपगट मी मानतो. विभागणी आधीच ठरलेली होती, आजाराच्या तीव्रतेनुसार परिणाम क्रमाने बदलत होता, आणि शरीरातली दाहप्रक्रिया पाहता त्याला अर्थ होता. उपगटांची आपसात तुलना करणारी संख्याशास्त्रीय चाचणीही केलेली होती.

१२. ज्यांनी औषध घेतलंच नाही, त्यांना औषधाच्या गटात धरणं चुकीचं नाही का?

वाटतं तसं, आणि हा प्रश्न अनुभवी मंडळीही विचारतात. उत्तर कोरोनरी ड्रग प्रोजेक्टच्या १९८० मधल्या विश्लेषणात आहे. क्लोफायब्रेट हे रक्तातली चरबी कमी करणारं औषध नेमाने घेणाऱ्यांचे पाच वर्षांतले मृत्यू १५ टक्के होते, टाळाटाळ करणाऱ्यांचे २४.६. एवढं पाहिलं की औषध उत्तम वाटतं. पण प्लासिबो नेमाने घेणाऱ्यांचे मृत्यू १५.१ टक्के होते आणि टाळाटाळ करणाऱ्यांचे २८.२! गोळीत औषध नसतानाही तोच फरक. नेमाने गोळी घेणारा माणूसच वेगळा असतो, आणि तो फरक आकडेमोडीने पुसता येत नाही. म्हणून चिठ्ठीने ज्याला ज्या गटात टाकलं, त्याचा हिशेब त्याच गटात करायचा.

अपवाद नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायलचा (प्रश्न ६). तिथे औषध न घेणाऱ्यांमुळे दोन्ही गट उगाच सारखे दिसू शकतात, म्हणून चिठ्ठीतल्या गटानुसार केलेलं आणि प्रत्यक्ष औषध घेतलेल्यांपुरतं केलेलं, अशी दोन्ही विश्लेषणं पाहावीत.

१३. रक्तातली पातळी किंवा स्कॅन सुधारला, एवढ्यावर उपचार सुरू करावा का?

प्रश्न १ मधलं उदाहरण पुन्हा वाचा. रक्तातली पातळी किंवा स्कॅन यांसारख्या मधल्या खुणेवर विसंबण्याआधी एक गोष्ट पाहा: याच जातीच्या औषधांनी ती खूण सुधारल्यावर रुग्ण खरोखर जास्त जगले किंवा बरे राहिले, असं आधी दिसलं आहे का?

१४. एखादी निदान-चाचणी ‘९० टक्के अचूक’ असेल, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता ९० टक्के?

तो आजार तुमच्या रुग्णांमध्ये किती आढळतो, यावर ते अवलंबून आहे. समजा, तो शंभरात एकाला आहे, आणि चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसांना पकडण्याचं प्रमाण) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी माणसांना निरोगी ठरवण्याचं प्रमाण) दोन्ही ९० टक्के आहेत. हजार जणांत आजारी १०, त्यातले ९ पकडले जातील. निरोगी ९९० पैकी ९९ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. म्हणजे शक्यता सुमारे ८ टक्के.

आता पेपरकडे वळा. चाचणी ठणठणीत माणसं आणि उघड आजारी माणसं घेऊन तपासली असेल, तर ती प्रत्यक्षापेक्षा हुशार दिसते. तुमच्यासमोर येतात ते शंका असलेले, अध्येमध्ये असलेले रुग्ण. तसेच रुग्ण अभ्यासात होते का, हे पाहा.

१५. कंपनीने खर्च केलेला अभ्यास सरळ बाजूला ठेवू का?

ठेवू नका. नव्या औषधांच्या बहुतेक मोठ्या ट्रायल्स कंपन्याच करतात, आणि पद्धतीच्या दृष्टीने त्या अनेकदा काटेकोर असतात. गडबड असलीच तर ती प्रश्न निवडण्यात असते. तुलनेला प्लासिबो का घेतला, प्रचलित उत्तम औषध का नाही? घेतलं तर त्याचा डोस पुरेसा होता का? विश्लेषण कोणाच्या हातात होतं? ही तीन उत्तरं पेपरमध्येच मिळतात.

१६. नामांकित जर्नलमध्ये छापलेलं नंतर मागे घेतलं तर? मला कसं कळणार?

मे २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला एक मोठा अभ्यास काही आठवड्यांतच मागे घेतला गेला, कारण मूळ माहिती स्वतंत्रपणे तपासायला मिळाली नाही. जर्नलचं नाव ही हमी नाही. पेपर वापरण्याआधी त्याचं पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवरचं पान उघडा. मागे घेतलेल्या पेपरवर तिथे ठळक सूचना असते. फिरत आलेली जुनी पीडीएफ ती सूचना दाखवत नाही.

१७. पेपर उत्तम आहे, पण माझी रुग्ण ८२ वर्षांची आहे आणि तिची किडनी अधू आहे. तिच्यासारखं अभ्यासात कोणीच नव्हतं. काय करू?

तंतोतंत तिच्यासारखी रुग्ण कोणत्याच अभ्यासात सापडणार नाही. म्हणून प्रश्न उलटा विचारा: हा निकाल तिला लागूच होऊ नये, इतकी ती वेगळी आहे का?

मग हिशेब करा. सापेक्ष फायदा बऱ्याचदा वेगवेगळ्या रुग्णांत साधारण सारखा राहतो, पण मूळ धोका बदलतो. उपचाराने धोका एक चतुर्थांश घटतो असं समजा. ज्याचा धोका ४ टक्के त्याला १ टक्क्याचा फायदा, ज्याचा २० टक्के त्याला ५ टक्क्यांचा. तुमच्या वृद्ध रुग्णाला फायदा अभ्यासातल्यापेक्षा मोठाही असू शकतो. मात्र दुष्परिणामही अधू किडनीमुळे वाढू शकतात, आणि ते त्या पेपरमध्ये दिसणार नाहीत, कारण अशा रुग्णांना वगळलेलंच असतं. ते फार्मासिस्टला विचारा, औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात पाहा. नंतर दोन्ही आकडे तिच्यासमोर ठेवा. पाच वर्षांनंतर मिळणारा फायदा तिला हवा आहे की उद्यापासून कमी गोळ्या, हे तिने सांगायचं आहे.

१८. पेपर पटतो, पण वरिष्ठ म्हणतात, ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो.’ मी कनिष्ठ आहे. कसं मांडू?

राउंडमध्ये सगळ्यांसमोर मांडू नका. एका पानावर चार ओळी लिहा: आपला प्रश्न, अभ्यासात कोण रुग्ण होते, मूळ संख्यांत निकाल (प्रश्न ४), आणि तुम्हाला दिसलेला सर्वात मोठा दोष. हा दोष स्वतःहून लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण समोरचा पहिल्यांदा तोच दाखवणार असतो. मग, ‘सर, हे वाचलं. आपल्या रुग्णांना लागू होईल का, तुमचं मत हवं होतं,’ असं विचारा. हा नुसता शिष्टाचार नाही. आपले रुग्ण अभ्यासातल्या रुग्णांपेक्षा कुठे वेगळे आहेत, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकतं.

उत्तर ‘नाही’ आलं तर कारण विचारून त्याच पानावर लिहून ठेवा. ते कारण तपासता येण्यासारखं असेल, तर पुढच्या जर्नल क्लबसाठी तुमचा पेपर ठरला.